चार नंबरच्या किटलीतल्या नळ्या

माझं काम गोल बघायचं. पगारपत्रकावर 'आकार निरीक्षक, श्रेणी दोन' असं लिहिलेलं असतं, पण आत्यानं स्थळवाल्यांना सांगितलं, "मुलगी कंपनीत गोल बघते," आणि ते त्यांना पटलं. मुलगा काय करतो ते मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून तो चौकोन बघत असावा.

कंपनीचं नाव सुबक बायोलॉजिक्स, पत्ता कुपवाड एमआयडीसी, सांगली आणि मिरजेच्या मधोमध. रोज सकाळी नऊला मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासमोर बसते आणि आदल्या दिवशी घडलेल्या औषधाचे फोटो बघते. गोल दिसले की सही करते. नाही दिसले तर काय करायचं, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण त्या तासाला मी झोपले होते, आणि चार वर्षांत तशी वेळही आली नव्हती.

ती त्या शुक्रवारी आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. चार नंबरच्या किटलीच्या, म्हणजे औषध घडवायच्या भांड्याच्या, फोटोत एकही गोल नव्हता. नळ्या होत्या. लांब, सरळ, एकसारख्या नळ्या, कुणीतरी शेवया पाडून वाळत घातल्यासारख्या. देखण्या होत्या हेही कबूल करते.

"दक्ष," मी म्हणाले, "हे काय आहे?"

दक्ष म्हणजे आमची पडताळणी प्रणाली. भिंतीतून बोलतो. त्याला मराठी कुणी शिकवलं माहीत नाही, पण ज्यानं शिकवलं तो सत्कार समारंभाचं सूत्रसंचालन करत असणार.

"सुप्रभात, शिवानीताई. चार क्रमांकाच्या पात्राचे सर्व मापदंड उत्तम आहेत. सामू आठ. तापमान योग्य. औषध गोलाकार आहे."

"फोटोत नळ्या आहेत."

"सामू आठ असताना नळ्या होत नाहीत, ताई."

"झाल्यात."

"होत नाहीत."

"अरे, समोर दिसतायत!"

"आपण विश्रांती घ्यावी असे मी सुचवू का?"

भिंतीला मारून काही होत नाही. मी मारून बघितलं आहे.

थोडं विज्ञान सांगते, म्हणजे मी भिंतीला का मारत होते ते कळेल. रेट्रोव्हायरस नावाचं विषाणूंचं एक कुळ आहे. त्यांच्यात गॅग नावाचं प्रथिन असतं आणि विषाणूचं घर तेच बांधतं. दोनेक हजार सारखीच प्रथिनं एकत्र येतात, ना मुकादम ना नकाशा, आणि बघता बघता पोकळ चेंडू तयार होतो. प्रत्येकाला माहीत असतं ते एवढंच की शेजाऱ्याला कुठं धरायचं आणि किती तिरकं. सहा-सहा जण कडं करून उभे राहतात आणि षटकोनांची जाळी विणली जाते. पण नुसत्या षटकोनांचा चेंडू होत नाही. सगळे शिस्तीत उभे राहिले तर सपाट चटई होते, आणि चटई गुंडाळली की नळी. चेंडू व्हायचा तर मधे मधे कुणीतरी जागा सोडावी लागते, कडं मोडावं लागतं. गोलाई यायला थोडी बेशिस्त लागते. हे मी आमच्या एचआरला समजावून पाहिलं आहे.

ही बेशिस्त किती करायची ते प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा ठरवतो, आणि तो तुकडा वागतो आजूबाजूच्या आम्लतेप्रमाणे. आम्लतेचं माप म्हणजे सामू. आम्ही वापरतो त्या गॅगभोवती सामू आठ असला तर चेंडू, साडेसहावर आला तर नळ्या. प्रथिन तेच, पाणी तेच.

आम्ही विषाणूतला विषाणू काढून टाकतो आणि घर ठेवतो. त्या रिकाम्या घरात रुग्णाच्या बिघडलेल्या जनुकाची दुरुस्ती भरतो. चेंडू पेशीला चिकटतो, आत शिरतो, दुरुस्ती उतरवतो. नळीला हे जमत नाही. ती शरीरात नुसती पडून राहते. मात्र शरीर तिला ओळखून ठेवतं, आणि पुढच्या वेळी त्याच प्रथिनाचा चेंडू आला तर दारातच झोडपतं. म्हणून हे औषध माणसाला आयुष्यात एकदाच देता येतं. नळ्या टोचल्या तर ती एक वेळ फुकट गेली.

चार नंबरची किटली माझ्या मामाची होती.

रुग्ण कोण हे आम्हाला कळू नये असा नियम आहे. किटलीवर फक्त आकडा असतो. पण हा रुग्ण मार्केट यार्डातल्या हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला होता, "माझ्या भाचीच्या फॅक्टरीत माझं औषध शिजतंय, चार नंबरला." मल्लिकार्जुन कोरे, म्हणजे आमचे मल्लूमामा, सांगलीच्या हळद बाजारातले पारखी. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि सांगायचं की ही कुठल्या गावची, किती जुनी, शिजवताना कुणी कंटाळा केला. मला नजर त्यांनीच दिली. आठ वर्षांची असताना त्यांनी माझ्यासमोर वीस हळकुंडं ठेवली आणि म्हणाले, लाव रांग. मी लावली. त्यांनी दोन बदलली. अजून मला त्या दोनांतला फरक कळलेला नाही, पण त्यांना कळत होता.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यातला पीतबिंदू झिजायला लागला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध तो असतो, आणि रंग बघणाऱ्या पेशींची गर्दी तिथंच. मामांना आता कडेचं दिसतं, मधलं नाही. ज्याच्याकडे बघावं तिथंच राखाडी भोक. म्हणून ते माणसाशी बोलताना मान वळवून बघतात, आणि अर्ध्या बाजाराचा समज झालाय की कोरेंना मस्ती आली.

फोन वाजला. अर्थातच मामा.

"झालं का गं गोल?"

"मामा, कामात आहे."

"एक शब्द सांग की. गोल की नाही?"

"सांगायला परवानगी नाही."

"बरं, सांगू नको. नुसतं खोक."

"काय?"

"गोल असलं तर खोक. खोकायला परवानगी लागत नाही."

मी फोन ठेवला. मग मला खरंच खोकला आला, आणि तो पलीकडे ऐकू गेला नाही याबद्दल देवाचे आभार मानले.

परिस्थिती अशी होती. नळ्या उकलता येतात. मीठ वाढवलं की प्रथिनं एकमेकांचा हात सोडतात. सामू नीट करून मीठ हळूहळू काढून घेतलं की पुन्हा हात धरतात, या वेळी चेंडूसारखा. दोन तासांचं काम. पण आतली दुरुस्ती नाजूक असते, ती त्या संध्याकाळी पाचपर्यंतच तग धरणार होती. आणि कारण कळल्याशिवाय औषधाला पुन्हा हात लावायचा नाही असा नियम होता. कारण सापडलं नाही तर गटार. दुरुस्ती माणसागणिक वेगळी असते, नवीन मागवायची तर नऊ महिने. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, मामांच्या पेशींकडे चार आहेत.

"दक्ष, कारणं सांग."

"कारण नाही, ताई. सामू आठ आहे."

"समजा सामू आठ नाहीये."

"सेन्सर आठ सांगतो आहे."

"समजा सेन्सर खोटं बोलतोय."

दक्षचा आवाज उतरला. त्याला वाईट वाटलं असावं. "सेन्सर मंगळवारी तपासून घेतला होता. त्यानंतर बुधवारी त्यास कोणीही स्पर्श केलेला नाही. केवळ पूजा झाली."

केवळ पूजा झाली.

मी खुर्चीत बसले. बसलेलीच होते, पण अजून खाली बसले.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. औषधाची कंपनी असल्यामुळे तिची कार्यपद्धती आहे, क्रमांक एकशे सतरा, पानं अकरा. झेंडूची फुलं निर्जंतुक, प्लास्टिकची. नारळ इमारतीबाहेर, दारापासून चार मीटरवर. उदबत्तीचं चित्र चालेल. हळदकुंकू स्टिकर स्वरूपात, व्यास एक सेंटिमीटर. हे मी हसायला म्हणून मामांना सांगितलं आणि ती माझी पहिली चूक.

"स्टिकरचं कुंकू?" मामा म्हणाले होते. "उद्या निवदाचं पण स्टिकर लावा. देव चाटून बघंल."

"मामा, नियम आहे."

"माझं औषध दसऱ्याच्या मुहूर्तावर लागणार, आणि त्याला स्टिकर? हे घे." त्यांनी पुडी हातात कोंबली. घरचं कुंकू. बाजारातल्या रंगाचं नाही. राजापुरी हळकुंडं, त्यांना चुन्याची निवळी आणि टाकणखार लावून, सावलीत वाळवून घरीच कुटलेलं. "एक बोट लाव. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाकीच्या किटल्यांना मी स्टिकर लावले. चारला मात्र, सगळे प्रसादाच्या पाकीटबंद पेढ्यांकडे गेले तेव्हा, खरं कुंकू लावलं. कुठं लावलं? सेन्सरच्या मानेला. डोळ्याचं औषध आहे, सेन्सर म्हणजे किटलीचा डोळा, असं मला त्या क्षणी फार सुंदर वाटलं होतं.

सेन्सर थेट औषधात बुडत नाही. तो पातळ पडद्याच्या पिशवीत असतो. पडद्यातून आम्ल-अल्क ये-जा करतं, कण करत नाहीत. मी पिशवी उघडली. कुंकू मानेवरून ओघळून काचेच्या टोकाला जाऊन बसलं होतं. बाहेरच्या बाजूनं पिवळं पडलेलं, काचेला लागून अजून लाल.

हळद शाळेतल्या लिटमससारखीच आहे. अल्कात लाल, आम्लात पिवळी. कुंकू म्हणजे अल्कानं लाल केलेली हळद. काचेला चिकटलेला चुना आणि टाकणखार सेन्सरच्या कानात सांगत होते, अल्क वाढलंय, वाढलंय. सेन्सरनं तेच दक्षला सांगितलं, आणि दक्षनं मोठ्या निष्ठेनं रात्रभर थेंब थेंब आम्ल सोडून आठचा आकडा सांभाळला. खरा सामू गेला साडेसहावर. कुंकवाच्या एका बोटानं दोन हजार गुणिले काही अब्ज प्रथिनांना शिस्त लागली होती.

आता मी काय करू शकत होते? सेन्सर पुसून 'सेन्सर नादुरुस्त' असं लिहिलं असतं तर माझी नोकरी राहिली असती. पण नादुरुस्त सेन्सर तपासायला परदेशी जातो, अहवाल तीन आठवड्यांनी येतो आणि औषध तोवर गटारात. गुपचूप मीठ घातलं असतं तर दक्षनं नोंद करून सगळ्यांना शुभेच्छापत्र पाठवलं असतं. मामांचे डोळे वाचवायचा एकच रस्ता होता, आणि तो गुणवत्ता विभागाच्या फडतरे मॅडमच्या टेबलावरून जात होता.

फडतरे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. पुसला. परत घातला. मी तशीच होते.

"कार्यपद्धती एकशे सतरा कुणी लिहिली माहितीय?"

"तुम्ही."

"अकरा पानं. स्टिकरचा व्यास ठरवायला तीन मीटिंगा झाल्या, शिवानी. तीन."

"सॉरी मॅडम."

"फॉर्म भर."

फॉर्ममध्ये कारणाचे पर्याय असतात. माणूस, यंत्र, वीज, पाणी, उंदीर. मी माणूस निवडला. त्याखाली 'स्वरूप': निष्काळजीपणा, खोडसाळपणा, अज्ञान, इतर. इतरसमोर पंधरा अक्षरांची जागा. 'कुंकू लावले' बसलं.

मॅडमनी सही केली. मग म्हणाल्या, "औषध पुन्हा घडवायला मी परवानगी देते. कुंकू पिशवीत होतं, औषधाला लागलेलं नाही, तेवढं बरं. पण पुन्हा घडवलेलं औषध घ्यायचं की नाही हे रुग्णानं ठरवायचं असतं. कारण वाचून त्याची सही. माझ्या समोर. आणि ती झाली की तू सोमवारपासून नोटिसीवर."

"हो."

"काय वाजले?"

"साडेबारा."

"गाडी काढ."

मामांचं घर वखारभागात. आम्ही पोचलो तेव्हा मामा जेवून उठले होते. गिरिजामामी ताटं उचलत होती. मामांनी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून मॅडमना बघितलं.

"या या. गोल झालं वाटतं, साहेब स्वतः आल्यात."

मी सांगितलं. सगळं, न थांबता, पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"माझ्या कुंकवानं?" मामा म्हणाले.

"हो."

"माझ्या कुंकवानं औषध नासलं."

"नासलं नाही, मामा. नळ्या झाल्यात. तुम्ही सही केली की पाचच्या आत परत गोल करता येतंय."

"सही कशावर?"

मॅडमनी वाचून दाखवलं. "रुग्णाने दिलेल्या कुंकवामुळे मापनात चूक झाली, हे मला समजले आहे, व पुन्हा घडवलेले औषध घेण्यास माझी संमती आहे."

"नाही करणार."

"मामा!"

"चाळीस वर्षं या बाजारात आहे मी. कोरेंच्या मालात खोट आहे असं एका माणसानं म्हटलेलं नाही. आणि आज मीच लिहून देऊ? तू बाजारातलं कुंकू लावलं असशील. भेसळीचं. त्यानं झालं असंल."

"तुमचीच पुडी होती ती!"

"कशावरून?"

मला रडू येईना आणि हसू येईना. मनगटावरच्या घड्याळात एक वीस झाले होते. एक माणूस आंधळा व्हायला निघाला होता आणि मुद्दा मालाच्या दर्जाचा होता.

फडतरे मॅडम मात्र पुढं सरकून बसल्या. मला वाटलं आता चिडतील. त्या शाळेतल्या बाईंसारख्या शांतपणे म्हणाल्या, "कोरेसाहेब, भेसळीच्या कुंकवात काय असतं?"

"रासायनिक रंग. अजून काय."

"त्यावर लिंबू पिळलं तर?"

"काय होत नाही. लाल ते लालच."

"आणि शुद्ध कुंकवावर?"

मामांच्या लक्षात आलं होतं, आणि माझ्याही. शुद्ध कुंकूच पिवळं पडतं. शुद्ध कुंकवातच तो अल्क असतो ज्यानं सेन्सर फसतो. भेसळीच्या कुंकवानं औषधाचं काही वाकडं झालं नसतं. मामांचा माल खरा असेल तर गुन्हेगार तोच, आणि गुन्हेगार नसेल तर माल खोटा.

मॅडमनी पर्समधून प्लास्टिकची डबी काढली. आत सेन्सरवरून खरवडलेलं कुंकू, काचेच्या बाजूचं, अजून लाल. "ही पुरावा म्हणून ठेवायची होती. तुम्हीच बघा."

मामी न सांगता आतून लिंबाची फोड घेऊन आली. मामांनी डबी हातात घेतली, फोड स्वतःच पिळली, आणि बघायला लागले. सरळ बघितलं. मग मान उजवीकडे. मग डावीकडे. डबी खिडकीकडे नेली, परत आणली. त्यांच्या डोळ्यांसमोर जे भोक होतं त्यात ती डबी मावून जात होती. दोन मिनिटं तो माणूस हातातल्या डबीभोवती फिरत होता आणि आम्ही तिघी बघत होतो.

"काय रंग झाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पिवळा," मी म्हणाले.

"तू कंपनीची."

"पिवळा," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही तर कंपनीच्या आईच. गिरिजा?"

मामीनं पदराला हात पुसले. मामा तिला कायम म्हणायचे, तुला राजापुरी हळद आणि सेलम हळद एकच. लग्नातल्या पाहुण्यांनाही सांगायचे. ती हसून चहा ठेवायला जायची.

तिनं डबी घेतली, उजेडात तिरकी धरली. "कडंला केशरी, मधे पिवळा," ती म्हणाली. "पण नुसता पिवळा नव्हं. खाली मातकट झाक आहे. हे गेल्या श्रावणातलं कुटलेलं. त्या वेळी हळकुंडं दोन दिवस जास्त वाळली होती, तुम्ही मिरजेला गेला होता म्हणून. आपलंच आहे. शुद्ध आहे."

मामांची मान वळायची थांबली.

"तुला कधीपासून कळतंय?"

"मला?" मामी म्हणाली. "दोन वर्षं बाजारातनं नमुन्यांच्या पुड्या येतात, त्या तुमच्या पुढ्यात रांगेत कोण लावून ठेवतंय? चांगली डावीकडं, हलकी उजवीकडं. तुम्ही डावीकडनं भाव सांगत जाता. एकदा तरी चुकला का?"

मॅडमनी फॉर्मकडे बघायला सुरुवात केली. मी छताकडे. माझी अशी समजूत होती की मामा गेली दोन वर्षं हाताच्या स्पर्शानं आणि वासानं पारख करतायत. बाजारात सगळे तसंच म्हणायचे. मामाही तसंच म्हणायचे.

"मला वाटलं योगायोग असंल," मामा हळूच म्हणाले.

"दोन वर्षं?"

"देवाच्या मनात असलं तर होतंय की."

"करा सही," मामी म्हणाली. "माल खरा आहे म्हणूनच झालंय हे. खोटा असता तर काही झालं नसतं. बाजारात कुणी विचारलं तर तेच सांगा."

"कुठं करायची?"

तिनं त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. मामांनी सही केली. मग खाली स्वतःच्या हातानं, वेडंवाकडं, ओळ सोडून लिहिलं: 'कुंकू शुद्ध होते.' फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. फडतरे मॅडमनी तोंड उघडलं, घड्याळ बघितलं आणि बंद केलं.

आम्ही दोन वाजता परत पोचलो. मीठ घातलं, नळ्या उकलल्या. नवा सेन्सर लावला, त्याला कुणाचं बोटही लागू दिलं नाही. सामू आठ. मीठ काढून घेतलं, थेंबाथेंबानं. पावणेपाचला फोटो आला. मी नातेवाईक म्हणून मला सही करायला बंदी होती, त्यामुळे बघायलाही बंदी होती. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून दक्ष म्हणाला, "औषध गोलाकार आहे," आणि फडतरे मॅडम म्हणाल्या, "तू गप्प बस, मला बघू दे." मग त्यांनी दार उघडलं आणि खोकल्या. दोनदा. मामांनी फोनवर खोकायला सांगितल्याचं मी त्यांना गाडीत सांगितलं होतं.

शनिवारी दोन्ही डोळ्यांत औषध गेलं. सोमवारी मी नोटिसीवर गेले. नोटीस तीन महिन्यांची, आणि त्यात माझं काम कार्यपद्धती एकशे सतरा नव्यानं लिहायचं. आता ती सव्वीस पानं आहे. सेन्सरवर स्वतंत्र प्रकरण आहे. एचआरनं म्हटलं, विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेलं दुसरं कुणी नव्हतं.

औषध धरलं की नाही हे दहा आठवड्यांनी कळणार होतं. दहाही आठवडे मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. दिसतंय का विचारलं की म्हणायचे, "जेव्हा दिसंल तेव्हा दिसंल." मामी नमुन्यांच्या पुड्या लावत होती. आता ते उघड चालायचं. कधी कधी भावही तीच सांगायची, आणि मामा आकडा तोच ठेवून आवाज मोठा करून परत सांगायचे.

मग मिरजेच्या डोळ्याच्या दवाखान्यात तपासणीचा दिवस आला. मी आणि मामी बाहेर बाकावर. आत रंगांची चाचणी. झाकणाएवढ्या पंधरा रंगीत टोप्या असतात, निळ्यापासून जांभळ्यापर्यंत, त्या क्रमानं लावायच्या. औषधाआधी मामांनी त्या लावल्या होत्या तेव्हा सांडलेल्या भाजीसारख्या लावल्या होत्या.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. एवढा वेळ लागत नाही. मामीनं डबा मांडीवर घट्ट धरला होता. मी भिंतीवरचं पोस्टर तिसऱ्यांदा वाचलं.

आतून आवाज चढायला लागला.

"आजोबा, चौदा बरोबर आहेत, फार छान. एकच चुकली. ही इथं येते."

"नाही येत."

"अहो, मागं नंबर छापलेला असतो."

"छापणाऱ्याला कळत नाही. ही बघा आणि ही बघा. ह्याच्यात पिवळं जास्त आहे."

"हा हिरवा आहे, आजोबा."

"हिरव्यातच म्हणतोय मी! हिरव्यात पिवळं नसतं काय? खिडकीत धरून बघा की. तुमचे डोळे कुणी तपासलेत?"

"आजोबा, ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे—"

"असंल. टोपी मळलीय. पुसा आधी. रोज किती जण हात लावतात हिला?"

मी उठायला लागले. डॉक्टर भला माणूस होता, त्याला सोडवायला हवं होतं. मामीनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलंही नव्हतं.

"जाऊ नको," ती म्हणाली. "भांडायलेत. भांडू दे."

तिनं डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्या हातात दिली. आत मामा आता टोपी बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता मागत होते.